निर्गुडीला आमंत्रण

रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं, हा माझ्या लग्नानंतरचा पहिला मोठा प्रश्न होता. 'सासूबाईंबरोबर निर्गुडीच्या झुडपाला आमंत्रण द्यायला जायचे आहे' असं खरं कारण लिहिलं असतं, तर मुख्याध्यापिकाबाईंनी दोन दिवसांची सोडून मला कायमचीच रजा दिली असती. शेवटी मी 'घरगुती अडचण' असं लिहिलं. शाळा उघडून जेमतेम आठवडा झालेला. बाईंनी अर्जावर सही केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आत्ताशी तर लग्न झालंय. एवढ्यात अडचणी?"

मी मूळची सांगलीची. सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. सासर शुक्रवार पेठेत. घरात आम्ही तिघंच. कचेरीत कारकून असलेले माझे यजमान, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी 'अत्ती' म्हणायची. कानडीत सासूला तसंच म्हणतात आणि आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीतच चालायचं. अत्ती पहाटे उठून लिंगपूजा करायच्या, कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढायच्या आणि मग दिवसभर दारात कोण ना कोण बाई यायचीच. कुणाचा खांदा धरलेला, कुणाची बोटं वळत नाहीत, कुणाची कंबर. बहुतेक विडी वळणाऱ्या बाया, काही मागावर बसणाऱ्यांच्या घरच्या. त्यांना अत्ती निर्गुडीचं तेल द्यायच्या. वर्षातून एकदाच करायच्या आणि ते वर्षभर पुरवायच्या.

तेलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पाला वाटायचा, रस तिळाच्या तेलात आटवायचा, वात बुडवून पेटवायची आणि ती तडतडली नाही म्हणजे पाणी आटलं असं समजायचं. यात न समजण्यासारखं काय आहे? शाळेत मी हाच प्रयोग करून दाखवला असता. माझं डोकं फिरायचं ते पाला आणण्याच्या तऱ्हेवरून.

पाला आणायचा तो आर्द्रा नक्षत्र लागतं त्याच दिवशी. म्हणजे ज्या दिवसाबद्दल मी वर्गात 'वर्षातला सर्वांत मोठा दिवस' म्हणून फळ्यावर पृथ्वी काढायची, त्याच्याच मागेपुढे. अत्तींना कर्कवृत्त वगैरे ठाऊक नव्हतं. त्या म्हणायच्या, "सूर्य वर चढून दम खातोय तवा. तवा पाल्यात सगळा जोर असतोय." पाला आणायचा तो त्यांच्या माहेरच्या ओढ्यावरचाच, अक्कलकोटच्या पलीकडे. आदल्या दिवशी संध्याकाळी झुडपापाशी जायचं, हळदकुंकू लावायचं, तांदूळ वाहायचे, सुपारी ठेवायची आणि सांगायचं, 'उद्या तुला न्यायला येते, ये.' दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत परत जायचं. अनवाणी. वाटेत अवाक्षर बोलायचं नाही. झुडपावर आपली सावली पडू द्यायची नाही. लोखंड लावायचं नाही, हातानं खुडायचं. शेंडा खुडायचा नाही. एका झुडपाचा तिसरा हिस्सा तरी मागं ठेवायचा. आणि मग मुळाशी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा ठेवून आभार मानायचे. अत्ती ते कानडीत म्हणायच्या, "उपकार आय्तव्वा." झालेच उपकार, आई. निर्गुडीला कानडीत लक्की म्हणतात. अत्ती तिला 'लक्कव्वा' म्हणायच्या, शेजारच्या एखाद्या म्हातारीला हाक मारावी तशा.

पहिल्या वर्षी मी उत्साहानं गेले हे कबूल करते. एसटीनं गेलो, मग दोन-अडीच मैल चाललो, त्यांच्या भावाकडे उतरलो. संध्याकाळी आमंत्रण झालं. झुडपं चांगली पुरुषभर उंचीची होती, पानांची पाठ रुपेरी, निळसर फुलांचे तुरे. वास इतका उग्र की हातालाच नाही, पदरालाही लागला. पहाटे निघालो. अत्ती पुढे, मी मागे. ओढा दिसायला लागला आणि माझ्या टाचेत बाभळीचा काटा गेला.

"आई गं!" मी ओरडले.

अत्ती थांबल्या. माझ्याकडे वळून पाहिलं. काही बोलल्या नाहीत. झुडपं वीस पावलांवर होती. त्या तशाच मागे फिरल्या आणि घराकडे चालू लागल्या. मी काटा काढून लंगडत त्यांच्यामागे. घरी पोचल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"आता सांजच्याला पुन्ना बोलवायला जावं लागंल."

"अत्ती, मला काटा लागला! मी काय मुद्दाम बोलले?"

"तू मुद्दाम न्हाय बोललीस. पण बोललीस की."

"आणि माझी रजा? उद्या शाळा आहे माझी."

"तिला काय ठाऊक तुजी शाळा?" अत्ती म्हणाल्या. ती म्हणजे निर्गुडी.

आम्ही आणखी एक दिवस राहिलो. त्या पहाटे मी पदराचा बोळा तोंडात कोंबून चालले. पाला मिळाला, उपकार मानून झाले आणि शाळेत गेल्यावर मला मेमो मिळाला. न कळवता गैरहजर. नोकरीतला माझा पहिला मेमो, तोही एका झुडपापायी. यजमानांना दाखवला तर ते हसले. "आईचं असंच असतंय," म्हणाले आणि जेवायला बसले. मला अधिक राग कुणाचा आला, सांगता येणार नाही.

दुसरं वर्ष दुष्काळाचं. ओढा कोरडा ठणठणीत. निर्गुडी मात्र तग धरून होती, पानं बारीक आणि मळकट. सोबत आम्ही फिरकीचा तांब्या भरून पाणी नेलं होतं, येताना प्यायला. झुडपापाशी अत्ती बराच वेळ उभ्या राहिल्या. मग प्रत्येक झुडपाची मूठभर पानं खुडली, त्याहून जास्त नाही. मी खुणेनं विचारलं, एवढंच? त्यांनी मान हलवली. आणि मग तांब्यातलं सगळं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत, मुळाशी ओतलं.

घर येईपर्यंत मी तहानेनं घायकुतीला आले होते. बोलायची मुभा मिळाल्याबरोबर म्हणाले, "अत्ती, गावात प्यायला पाणी नाही. बाया डोक्यावर हंडे घेऊन मैलमैल हिंडतायत. आणि तुम्ही पाणी झाडाला घातलंत?"

"तिच्याकडनं घेतलं न्हवं आपण? तीबी तान्हेली हाय."

"मीही तान्हेली होते!"

"तू घरी येऊन प्यालीस की."

त्या वर्षी तेल निम्मंच झालं. श्रावण सरायच्या आत संपलं. दारात आलेल्या बायांना परत पाठवताना अत्तींचा चेहरा पडायचा, आणि मला वाटायचं, ओढ्यावर आणखी चार ओंजळी खुडल्या असत्या तर ही वेळ आली असती का? एकदा तसं बोललेही. अत्ती म्हणाल्या, "तिची ऐपत नव्हती औंदा." जणू झुडपानं कर्ज नाकारलं होतं.

तिसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्याच आठवड्यात अत्ती मोरीत घसरल्या. घोट्याचं हाड तडकलं, सहा आठवडे प्लास्टर. मला वाटलं, या वर्षी सुटका. पण आर्द्रा चार दिवसांवर आली तशी त्यांनी मला बाजेपाशी बसवून घेतलं.

"माहेरपर्यंत नको जाऊस. अक्कलकोट रस्त्याला गावाभायेर ओढा हाय, तितं बी हाय लक्की. सांजच्याला जाऊन सांगून ये, पाटे जाऊन आण. तू केलंस तरी चालतंय. दोन वर्षं बगितलंस की."

एवढ्या विश्वासानं बोलल्या, की नाही म्हणवलं नाही.

नेमकी त्याच दिवशी शाळेची तपासणी निघाली. आदल्या संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत मी शाळेत तक्ते टांगत होते, प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. ओढ्यावर जायचं राहिलं. खरं सांगायचं तर जाता आलं असतं. एखाद्या मुलीला तक्ते टांगायला सांगून तासाभरात जाऊन येता आलं असतं. पण माझ्या मनात काट्याचा, मेमोचा, तहानेचा सगळा राग साचलेला होता. घरी आले तेव्हा अत्तींनी विचारलं, "सांगितलंस का तिला?" मी चप्पल काढता काढता म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत घरातून निघाले, त्यांना दाखवायला अनवाणी. कोपऱ्यावर जाऊन पिशवीतल्या चपला घातल्या आणि थेट बाजारात गेले. तिथं फुटपाथावर एक बाई पाला घेऊन बसायची. बेल, दूर्वा, आघाडा, अडुळसा आणि निर्गुडी. चाळिशीची, काळीसावळी, कुंकू मोठं. तिच्याकडून निर्गुडीच्या दोन पेंढ्या घेतल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून शाळेत नेल्या आणि तपासणी उरकून दुपारी घरी आणल्या.

अत्तींनी पेंढी सोडली, काडी हातात घेऊन तिचं टोक पाहिलं. तिरकं, स्वच्छ कापलेलं.

"इळा लावलास?"

"हातानं तुटेना," मी म्हणाले.

त्यांनी काडी परत पेंढीत खोचली. तेल झालं. त्या बाजेवर पाय लांब करून सांगत होत्या, मी करत होते. वात तडतडली नाही. आणि मग बाया येऊ लागल्या, तेल नेऊ लागल्या, आणि पंधरा दिवसांनी परत येऊन सांगू लागल्या, "आज्जी, औंदाचं तेल लई गुणाचं हाय."

माझी अवस्था काय झाली असेल! हवा तो पुरावा माझ्या हातात होता. आमंत्रण नाही, मौन नाही, अनवाणी पाय नाहीत, वर विळ्यानं कापलेला, फुटपाथावरून आणलेला पाला. आणि तेल तेच. मला हे गच्चीवर उभं राहून ओरडून सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे मी खोटं बोलले हेही सांगायचं. म्हणून गप्प. रोज कुणीतरी येऊन गुण गायचं, आणि मी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता परातीवर राग काढायची.

आषाढ सरत आला होता. एक दिवस एक विडीवाली बाई बोटं उघडमीट करून दाखवून गेली. ती गेल्यावर अत्ती माझ्याकडे बघून हसल्या. असं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिलं होतं.

"बग," त्या म्हणाल्या, "मनापासनं इचारून आणलंस म्हणून गुण आला. माज्या हातानं कदी असा आला नव्हता."

तिथं माझा तोल गेला.

"मी विचारलं नव्हतं, अत्ती! ओढ्यावर गेलेच नव्हते. बाजारातून आणला पाला. विकत! आणि तरी गुण आलाच ना? मग कशाला हे सगळं? कशाला?"

बोलता बोलता माझा आवाज चढला. अत्ती रडतील, ओरडतील, तेल मोरीत ओततील, असं काहीही मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "कुणाकडनं घेतलास?"

"बाजारात एक बाई बसते तिच्याकडून."

"तिनं कुटनं आणला?"

"मला काय माहीत!"

"मग इचारून ये. ज्या झाडाचा आणला त्याचं उपकार मानायचं ऱ्हायलंय."

मी साफ नाही म्हणाले. दोन दिवस आमचं बोलणं बंद. यजमान दोघींच्या मधे पेपर धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अत्ती घरात नाहीत. प्लास्टर बांधलेला पाय घेऊन, काठी टेकत, भिंतीला धरत त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या होत्या आणि तिथं वाण्याच्या पायरीवर घामाघूम होऊन बसल्या होत्या. बाजारात निघाल्या होत्या म्हणे. लोक बघत होते. सुनेनं म्हातारीला घराबाहेर काढलं असंच वाटत असणार सगळ्यांना. मी तिथल्या तिथं टांगा थांबवला.

पालेवाली बाई आम्हाला बघून आधी सावध झाली. "पाला खराब निघाला व्हय? तीन आठवड्यांनी सांगायला आलाव?"

"पाला चांगला होता," मी म्हणाले. "कुठून आणला होता ते हवंय."

"त्ये कशाला?"

अत्तींनी टांग्यातूनच तिला सगळं सांगितलं. सुनेनं विचारलं नाही, आभार मानायचे राहिलेत, वगैरे. भर बाजारात. मी टांग्याच्या दांडीकडे बघत उभी राहिले. त्या बाईनं ऐकून घेतलं, शेजारणीला दुकानावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि टांग्यात चढून बसली.

जागा एका गिरणीच्या मागे होती. कुंपणाच्या भिंतीला लागून नाला, त्यात रंगखात्याचं पाणी सोडलेलं. त्या दिवशी नाला लालभडक वाहत होता. काठानं निर्गुडीची झुडपं, धुरकटलेली, पण भरगच्च. वास नाल्याचा आणि पाल्याचा एकत्र. मी अत्तींना खांदा देऊन उतरवलं. त्यांनी गूळ आणला होता, पाण्याचा तांब्या टांगेवाल्याकडून घेतला.

"तू म्हण," त्या म्हणाल्या.

"मी?"

"घेतलंस तू."

तेवढ्यात भोंगा झाला. पाळी सुटली. माणसं भिंतीच्या फटीतून, फाटकातून बाहेर पडू लागली आणि थांबून बघू लागली. कडक इस्त्रीचं पातळ, हातात पर्स, मनगटाला घड्याळ, अशी एक मास्तरीण लाल नाल्याच्या काठी झुडपाला पाणी घालतेय. कुणीतरी शीळ घातली. मी गूळ ठेवला. "उपकार झाले," म्हणाले. तोंडातल्या तोंडात. शरमेनं आणि संतापानं कान तापले होते. अत्ती म्हणाल्या, "जरा मोठ्यानं." मी मोठ्यानं म्हणाले.

मग ती पालेवाली पुढे झाली. "आवो मावशी," ती अत्तींना म्हणाली, "तुमी लई मनाला लावून घेतलंत. मी सांगितलं हुतं की तिला."

"काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"कापायच्या आदी इळा कपाळाला लावती मी. म्हंती, बाई, पोटासाठी नेती, राग मानू नगंस, पुन्यांदा फूट. आन एक फांदी सोडती, तिला हात लावत न्हाय. माजी आई बी तसंच करायची." तिनं बोट दाखवलं. खरंच, प्रत्येक झुडपाची एक उंच फांदी न कापलेली होती.

म्हणजे विचारलेलं होतं. आभारही मानलेले होते. मग इतके दिवस मी जो पुरावा उराशी धरून बसले होते, तो पुरावाच नव्हता. आणि ही आत्ताची शोभा तरी कशासाठी झाली? मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि रडण्याइतकं कारणही सापडत नव्हतं.

अत्तींचा चेहरा मात्र उजळला होता. त्यांनी त्या बाईचा हात धरला. "लोखंड लावतीस तू," म्हणाल्या, "पण इचारून लावतीस." आणि परतीच्या वाटेवर दोघी टांग्यात शेजारी बसून बोलत राहिल्या. पालेवालीला कुठल्या झाडाचं काय, कोणत्या महिन्यात खुडायचं, किती तरी ठाऊक होतं. मी पुढे टांगेवाल्याच्या शेजारी बसले होते, कारण मागे जागा नव्हती.

त्यानंतर ती घरी यायला लागली. प्लास्टर निघेपर्यंत अत्तींना अडुळसा, माका काय काय आणून द्यायची. दारातच बसायची आधी, मग ओसरीवर, मग स्वयंपाकघरात. अत्ती तिला माक्याच्या तेलावर तेल आटवायला शिकवायला लागल्या. रस किती, तेल किती, आच कशी. मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत असायची आणि आतून दोघींचं बोलणं ऐकू यायचं. "न्हाय, आजून उतरू नगंस." "व्हय मावशी." मला हे सगळं येत होतं. त्या वर्षीचं निर्गुडीचं तेल मीच केलं होतं. पण आत कुणी हाक मारली नाही, आणि आपणहून उठून जायला माझा पाय उचलला नाही.

पुढच्या वर्षी आर्द्रा रविवारी लागत होती. शाळेचा प्रश्न नव्हता. शनिवारी अर्धी शाळा उरकून मी तडक घरी आले. वाटेत नवीन तांब्या घेतला होता, मोठा, दोघींना पिऊनही उरावं इतकं पाणी मावेल असा. घरी आले तर अत्ती निघून गेलेल्या. सकाळच्या एसटीनं पालेवालीला घेऊन माहेरी गेल्या, असं यजमानांनी सांगितलं.

रविवारी दुपारी दोघी परतल्या, डोक्यावर गाठोडी, अंगाला तो उग्र वास. मी दारातच विचारलं, "अत्ती, माझ्यासाठी का नाही थांबलात? मी येणार होते."

त्यांना खरंच नवल वाटलं. "तुला नको होतं की," म्हणाल्या. त्यात ना टोमणा होता, ना राग. गाठोडं सोडून पाला चटईवर पसरायला लागल्या.

नको होतंच. तीन वर्षं मी तेच तर सांगत होते. तरी दिवसभर मी धुमसत होते. भांडी आपटली, यजमानांवर उगाच ओरडले, तांब्या फडताळाच्या तळाशी ढकलून दिला. संध्याकाळी पाला खूप आहे, दोघींना आवरेना, हे दिसलं तेव्हा जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि काड्यांवरून पानं ओरबाडायला लागले. पालेवालीनं माझ्या हातातली काडी घेतली, उलटी धरली आणि म्हणाली, "आसं न्हाय बाई. शेंड्याकडनं. म्हंजी देठ निघत न्हाय."

मला ते ठाऊक होतं. मी काही न बोलता तिनं दाखवलं तसं करू लागले.